अचलपुरातील चंचल वाहन

ज्या नगरीच्या नावातच अचलता आहे, तिथे माझी एकवीस वर्षांची पिकअप तेवढी चंचल निघावी, आणि जिने सदैव धावावे अशी समस्त पंचक्रोशीची इच्छा, ती मुर्तिजापूरपर्यंतची 76 किलोमीटरची शकुंतला रेल्वे मात्र बंद पडून राहावी, याची दाद कोणत्या कचेरीत मागावी हे मला अद्याप उमगलेले नाही.

हँडब्रेकचा दांडा मी पार काखेपर्यंत ओढीत असे. दहा-अकरा खटके वाजत. आणि क्षणभर विचारविनिमय केल्यासारखी थबकून गाडी उताराच्या दिशेने प्रस्थान ठेवी. अखेर सापन नदीच्या पात्रातला एक काळा दगड चाकाखाली जामीन म्हणून तैनात झाला. परंतु चिखलदऱ्यास, 1118 मीटर उंचीवर, आम्ही चहा घेत असता जामीन निसटला, आणि भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले म्हणतात, तिच्या रोखाने माझी गाडी कोणाही भीमाच्या साहाय्यावाचून निघाली. कणसे भाजणाऱ्या एका बाईने शेगडी सोडून दुसरा दगड सरकवला नसता, तर हा लेख शोकलेख ठरता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच गाडीखाली शिरलो आणि केबलवरचा नट असा आवळला की दुसऱ्याच खटक्याला दांडा ताठ! या पराक्रमाचा अहंकार परतवाड्यापर्यंत टिकला. तिथे मागच्या चाकांतून धूर निघू लागला.

"केबल काऊन आवळली काका? आंधी ड्रम खोला लागते," मिस्त्री म्हणाला. केबल म्हणजे केवळ हुकूम पोचवणारा शिपाई. अंमलबजावणी करणाऱ्या ब्रेकशूंचे लायनरच झिजलेले असताना शिपायाचा कान पिरगळून काय साधणार? त्याने माझाच दगड पुढच्या चाकाला लावला, मागची बाजू जॅकवर घेतली, नवे लायनर बसवले, ड्रमाला शू किंचित घासेतो दातेरी चाकी फिरवली, मग जराशी मागे घेतली, आणि दांडा खाली असता चाक हाताने मोकळे फिरते याची खातरजमा करूनच केबलचा ढिलेपणा काढला. सहाव्या खटक्याला गाडी अशी खिळली की गावाच्या नावाची अब्रू राहिली.

मोठ्या डौलाने मी निघालो, तोच गॅरेजमधला पोरगा दोन्ही हातांत ओझे सावरीत मागून धावत आला.

"ओ काका, तुमचा हँडब्रेक राह्यला नं!"