दूधखात्याचे अव्वल कारकून

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली म्हणजे घराचा सारा कारभार आजीकडे जातो आणि आजोबांकडे नारळ फोडणे, रिक्षा आणणे व हाक मारल्याखेरीज बाळंतिणीच्या खोलीत न डोकावणे एवढ्या तीनच बाबी उरतात, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. परंतु ज्यांची उभी हयात मामलेदार कचेरीत गेली आणि निवृत्तीनंतर ज्यांच्यापुढे सहीला एकही कागद येईनासा झाला, असे काही आजोबा ही वहिवाट जुमानीत नाहीत. अशा गृहस्थांना बहुधा अण्णाच म्हणतात. प्रत्येक आळीत यांचा एक तरी नमुना असतो. आमच्या आळीतले अण्णा माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात, त्यामुळे पुढील हकिगत ऐकीव नसून रात्रंदिवस ऐकू आलेली आहे.

नातू घरी आला त्याच दिवशी अण्णांनी लाल कापडी बांधणीची वही काढून तीत रकाने आखले: वेळ, बाजू (डावी अथवा उजवी), मिनिटे, ढेकर, शेरा. रद्दीच्या दुकानात त्यांना पूर्वी एक जीर्ण इंग्रजी पुस्तक गवसले होते, आणि तान्ह्याला घड्याळ पाहून दर चार तासांनी पाजावे व रात्री मुळीच पाजू नये, हे न्यूझीलंडच्या ट्रूबी किंग नामक डॉक्टराचे मत त्यात वाचल्यापासून, जगात शिस्तीचा एक तरी मनुष्य होऊन गेला, या विचाराने त्यांना कृतार्थ वाटत असे. साहजिकच आतून "बाळ भुकेजलंय हो" असा पुकारा झाला की बाहेरून "मुदतीला अजून 40 मिनिटे अवकाश आहे" असा जबाब जाई.

त्यांच्या पत्नी माईंचा कायदा निराळा. "मूठ चोखतंय, मान वळवून शोधतंय, तेव्हाच घ्यायचं असतं त्याला. रडणं म्हणजे अर्ज नव्हे, अपील आहे ते!" असे म्हणून त्या बाळाला लेकीच्या पदराआड देत, आणि अण्णा शेऱ्याच्या रकान्यात 'मुदतपूर्व' असे लिहीत.

अखेर ही वही डॉक्टरीणबाईंपुढे दाखल झाली. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणे हीच नव्या बाळाची रीत, त्यातून दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन रात्रीच अधिक स्रवते तेव्हा रात्रीचे पाजणे तोडूच नये, आणि बाळ जितके ओढील तितके दूध अधिक तयार होईल, असा निकाल त्यांनी हसत दिला. अण्णा सुन्न होऊन परतले. तिजोरीतून काढले की शिल्लक घटते, हे ते जन्मभर पाहत आले होते; उचल वाढली की शिल्लक वाढते, असे खाते त्यांच्या उभ्या नोकरीत आढळले नव्हते. त्या रात्री त्यांनी वहीत वाटाणा-अक्षरात लिहिले, "मागणीप्रमाणे अदा करावे."

एका प्रकरणात मात्र मी अण्णांच्या बाजूचा आहे. माईंनी सहाण धुऊन वेखंड, मुरुडशेंग, जायफळ मांडले आणि मधाच्या बोटाने बाळगुटी चाटवण्याचा घाट घातला, तेव्हा सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको, ही डॉक्टरीणबाईंची ताकीद वाचून दाखवून त्यांनी सहाण रीतसर पंचनामा करून जप्त केली. पंच म्हणून सही माझी आहे. माई चिडतील असे वाटले होते. पण आपल्या सासूबाईंनी पहिला चीक कसा पिळून टाकायला लावला होता, ही जुनी फिर्याद त्यांनीच आपण होऊन काढली, आणि नातवाला तो पहिल्या तासातच मिळाला म्हणून पदराने डोळे टिपले. वहीत याला रकाना नव्हता.

झोपेचे प्रकरण अधिक चिघळले. नवजात अर्भक दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, हे अण्णांना मान्य होते. ते तास हप्त्याहप्त्याने फेडले जातात, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी दारावरच्या घंटीत कागदाचा बोळा कोंबला, कुकरच्या शिट्ट्यांवर बंदी घातली, भंगारवाल्याला आळीच्या तोंडाशीच अडवले, आणि मला माझ्याच घरात शिंकण्याची चोरी झाली. वास्तविक नऊ महिने आईच्या काळजाची धडधड ऐकत वाढलेल्या त्या जिवाला निःशब्द शांतताच परकी होती. मिक्सर सुरू झाला की ते डोळे मिटी आणि थांबला की टक्क उघडी.

शेवटी एका रात्री, काही उपाय चालेना तेव्हा, अण्णांनी पाळण्याची दोरी हाती घेऊन, आपल्याला ठाऊक असलेली एकमेव संथ गोष्ट म्हणायला प्रारंभ केला. भिंतीपलीकडून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 ऐकता ऐकता, पहिल्या प्रकरणातील व्याख्या संपण्यापूर्वीच मला झोप लागली.

सकाळी वही पाहिली. अखेरची नोंद माईंच्या हातची होती. "वेळ: 2 वाजून 10 मिनिटे. आजोबा झोपले. दोरी हातातच. बाळ जागे, चिमणाळे पाहत आहे. ढेकर: आजोबांना आली."