श्री. अवरमीटर यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. अवरमीटर,
मु. पो. डॅशबोर्ड, स्टेअरिंगच्या पाठीमागे,
मिनी ट्रॅक्टर (नोंदणी २०१६), जि. नाशिक.

विषय : आपण दाखवीत असलेल्या ७४३ तासांबद्दल अभिनंदन.

महोदय,

स. न. वि. वि.

घरचा ट्रॅक्टर काढून दसऱ्याच्या आत बागेला दुसरा घ्यायचा, असं घरात ठरल्यापासून आम्ही निफाड, दिंडोरी, चांदवड हे तालुके पालथे घालतोय. या भटकंतीत भेटलेल्या मंडळींत तुमच्याइतकं मितभाषी कुणी नाही. एजंट बोलतो, मालक बोलतो, मालकाचा मेहुणा बोलतो, आणि ज्याचा काही संबंध नाही असा ओट्यावरचा म्हाताराही बोलतो. तुम्ही मात्र तीन आकडे दाखवून गप्प बसता आणि सौदा त्या तीन आकड्यांवर ठरतो. म्हणून हे पत्र एजंटाला न लिहिता तुम्हाला लिहितोय. शिवाय एजंटाला लिहिलं, तर तो उत्तर देईल ही भीती आहेच.

ट्रॅक्टर २०१६ चा, आम्ही बघितला २०२५ मध्ये आणि तुमच्या काचेआड ७४३ तास. म्हणजे आठवड्याला दीड तासाच्या आसपास. आमच्या गावात याहून जास्त वेळ लोक ट्रॅक्टर धुण्यात घालवतात. मालक म्हणाले, “चार एकर बाग आहे, फक्त फवारणीला वापरलाय. रोटर कधी लावलाच नाही.” ते हे सांगत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे रोटर उभा होता आणि त्याच्या पात्यांना ओली माती होती. आम्ही पाहुण्यासारखे तिकडे न बघता चहा घेतला.

पण आम्ही पडलो द्राक्षवाले. फवारणीचा हिशेब झोपेतही चुकत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मिळून वर्षाच्या फवारण्या हात राखून पन्नास धरा. चार एकरांच्या एका फवारणीला टाकी भरण्यासकट अडीच तास धरा. वर्षाचे झाले १२५ तास, नऊ वर्षांचे १,१२५. म्हणजे मालकांचा शब्द न् शब्द खरा मानला, रोटर कधी लावला नाही हेही मानलं, तरी ३८२ तास तुमच्या पोटात आहेत. ढेकर तरी द्यायचा होता.

तुमची मोजणीची रीत आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे सबब सांगू नये. तुमच्या खानदानातल्या जुन्या केबलवाल्या पिढीला घड्याळ कळतच नाही. इंजिनाचे फेरे मोजायचे, ठरलेले फेरे भरले की एक तास लिहायचा. ट्रॅक्टर ठरल्या गतीला चालला तर साठ मिनिटांचा तास होतो, निम्म्या गतीला चालला तर दोन तास मिळून एक. इंजिन सुरू ठेवून मालक बांधावर गप्पा मारत बसला, तर तो वेळ तुम्ही निम्म्याहून कमी लावता. विजेवर चालणाऱ्या नव्या पिढीत तर उलटाही प्रकार आहे. त्यातले काही जण इंजिन सुरू नसलं तरी नुसत्या फिरवलेल्या किल्लीवर तास लिहीत बसतात. असो. इंजिन फेऱ्यांनी झिजतं, म्हणून तुमची ही सूट एरवी मान्य. पण फवारणीत ती मागायला तुम्हाला तोंड नाही. फवारणीचा ब्लोअर पीटीओवर, म्हणजे इंजिन फिरवतं त्या मागच्या दांड्यावर चालतो, आणि पीटीओला मिनिटाला ५४० फेरे मिळवायचे तर इंजिन वरच्या गतीलाच ठेवावं लागतं. तिथला तास पुरा साठ मिनिटांचाच.

राहता राहिली एक शक्यता : केबल तुटली. हातभर लांबीची ती केबल तुटली की माणसाला जे कोणत्याही काढ्याने साधत नाही ते तुम्हाला साधतं. वय तिथंच थांबतं. मग बाग वाढते, मालकाची मुलं कॉलेजात जातात, ट्रॅक्टर राबराब राबतो आणि तुम्ही आपले ७४३ चे.

आमचे आप्पा बैलबाजारात वाढलेले. बैल घ्यायचा तर ते आधी त्याचा जबडा उघडून दात बघत. दोन दाती, चार दाती, सहा दाती, की जुळलेला, एवढं कळलं की वयाचा वाद संपायचा; मग रुमालाखाली बोटं धरून किंमत. शिंगं घासून रंगवलेली असत, पाठीवरून तेलाचा हात फिरवलेला असे, पण जुळलेल्या बैलाला पुन्हा दोन दाती करायची विद्या कुठल्याही दलालाला अवगत नव्हती. ट्रॅक्टरच्या बाजारात आल्यावर आप्पांनी सवयीने तुमच्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं, हे दात. एजंटाने त्यांचा भ्रम मोडला नाही. “आप्पा, कमीजास्त वाटत असेल तर सांगा, मीटर दुसरं बसवून देतो,” एवढंच म्हणाला. त्या वाक्यातला सेवाभाव आम्ही विसरणार नाही.

तुमची अडचण अशी की तुमच्या हाताखालचे सगळे फितूर आहेत. क्लचच्या पेडलवरचं रबर कोरं करकरीत आहे, आणि त्याखालचं लोखंड पायाने घासून आरशासारखं झालंय. मागच्या टायरवर ३२२१ असे चार आकडे आहेत. म्हणजे हे टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात कारखान्यातून निघाले. एवढ्याशा फवारणीत पहिली जोडी पाच वर्षांत संपली कशी, हे टायर विचारतंय, आम्ही नाही. पुढचं चाक हातात धरून हलवलं तर पिनेत एवढी ढिलाई की चाक नमस्काराला वाकल्यासारखं येतं. ब्रीदरमधून भुसभुस वाफारा येतो, आणि रेस दिली की सायलेन्सरमधून निळा धूर. काळ्या धुराचा दोष एखाद्या वेळी डिझेल पंपावर ढकलता येतो, निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. लिफ्टवर वजन टाकून इंजिन बंद केलं, तर चहा संपेपर्यंत लिफ्ट जमिनीला टेकली. वरून नवा रंग असा जाड मारलाय की चेसिस नंबरसुद्धा खरवडून वाचावा लागला.

गार इंजिन एका किल्लीत सुरू होतं का, हे बघायची आमची इच्छा मात्र अपुरी राहिली. कळवून गेलो, तर इंजिन आधीच गरम होतं. न कळवता गेलो, तर किल्ली मेहुण्याकडे होती.

मग घरचा ट्रॅक्टर काढताच कशाला, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. घरच्या ट्रॅक्टरवर आमच्या दोन पिढ्या गाडी शिकल्या. त्याचा दुसरा गिअर सुटतो, म्हणून चढाला दांडा गुडघ्याने दाबून धरावा लागतो. सेल्फ सकाळी रुसतो, म्हणून रात्री तो उतारावर लावतात. रेडिएटर गळतो, म्हणून आई बादली भरूनच ठेवते. धाकटा भाऊ म्हणतो, तो ट्रॅक्टर नाही, घरातलं दुखणं आहे. त्याचंही खोटं नाही. फुलोऱ्यात पाऊस पडला की डाउनी रोग वाट बघत थांबत नाही. काही तासांत औषध पानावर पडलं नाही तर वर्ष गेलं. अशा पहाटे ट्रॅक्टर उतारावरून ढकलायला चार माणसं गोळा करत फिरणं परवडत नाही. म्हणून काढायचा.

पण यातली गंमत बघा. घरच्या ट्रॅक्टरचे सगळे दोष आम्हाला माहीत आहेत, म्हणून तो नकोसा झाला. परक्याच्या ट्रॅक्टरचा एकही दोष माहीत नाही, म्हणून तो चांगला वाटतो. अज्ञानाला एवढा भाव देणारा दुसरा बाजार आम्हाला ठाऊक नाही. सोयरीक जमवतानासुद्धा लोक याहून जास्त चौकशी करतात. आणि त्या अज्ञानावर मारायचा शिक्का म्हणजे तुम्ही. ट्रॅक्टर कुणी चालवला, ऑइल वेळेवर बदललं का, ब्लोअर ओढताना वळणावर क्लच कसा सोडला, हे विचारायला नको म्हणून आम्ही तीन आकडे विचारतो. आकडा मिळाला की ओळख करून घ्यायची जबाबदारी संपते. खोटं बोलण्याचा दोष तुमचा असेल, पण ते ऐकायला पैसे घेऊन रांगेत उभे राहणारे आम्हीच.

आणि भावाचं काय विचारता! २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा स्वस्त झाला तर जुना आणखी उतरायला हवा, असं आमचं साधं गणित. एजंट म्हणाला, “नवा स्वस्त झाला म्हणून शोरूमला गर्दी, गर्दी म्हणून ट्रॅक्टर मिळायला उशीर, उशीर म्हणून जुन्याला मागणी, मागणी म्हणून भाव.” चार पायऱ्यांत उतार चढ झाला. असा माणूस शेतमालाचा भाव ठरवायला बसवला असता, तर आम्हाला जुना ट्रॅक्टर शोधावाच लागला नसता.

कागदांबद्दल तुम्हाला एक बातमी द्यायची आहे, वाईट वाटून घेऊ नका. सरकार तुम्हाला ओळखत नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला लागतो. आरसी बुकात इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, रंगसुद्धा आहे. किती तास चालला, हा रकाना कुठेच नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्यात लिहिलंय. बाजारात मात्र सह्या केलेले कोरे फॉर्म आरसीबरोबर हातोहात फिरतात. “नाव काय, कधीही करता येईल,” हे वाक्य आम्ही जवळजवळ प्रत्येक ओट्यावर ऐकलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला, की गाडी किती का हातांतून गेलेली असेना, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच ज्याचं नाव नोंदणीत आहे. म्हणजे विकणारा ट्रॅक्टर विसरतो, पण कागद विकणाऱ्याला विसरत नाही. तुमच्यात आणि कागदात फरक एवढाच, की तुमच्यावर अजून कुणी खटला भरलेला नाही.

तरी आपणास नम्र विनंती आहे की :

१) यापुढे आपण तासांऐवजी मालकाचे स्वभावदोष दाखवावेत. किल्ली फिरवली की काट्याने ‘ऑइल बदलायला टाळाटाळ करतो’ इथवर जावं.

२) केबल तुटल्या दिवशी आपण शेवटच्या आकड्यावर न थांबता कोरे व्हावं. कोरी काच पाहून माणूस निदान चार प्रश्न विचारतो.

३) हे जमणार नसेल, तर आपण राजीनामा द्यावा. आपल्या जागी घड्याळ बसवता येईल. चुकीची वेळ दाखवली तरी त्यावर कुणी दोन लाख मोजणार नाही.

आपल्याला कळवण्यास आनंद वाटतो, की आपला ट्रॅक्टर आम्ही घेत नाही. दुसरा बघितलाय. त्याचं मीटर २०१९ पासून बंद आहे, हे मालकानेच आधी सांगितलं. क्लच प्लेट वर्षभरात मागेल म्हणाला, डावा ब्रेक उशिरा लागतो म्हणाला, पावसात एकदा ब्लोअरसकट चारीत उतरला होता हेही म्हणाला. आप्पांनी मिस्त्रीला नेऊन एकेक गोष्ट तपासली; जे सांगितलं तेवढंच निघालं. सौदा दहा मिनिटांत झाला, आणि दुसऱ्याच दिवशी आरटीओत जायला तो स्वतः आला. आमच्याबरोबर आलेला एजंट परत येताना वाटभर हळहळत होता, “असं बोलून कुठं ट्रॅक्टर विकतात का?”

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक द्राक्षबागायतदार

ता. क. : आमचा घरचा मिनी ट्रॅक्टर विकणे आहे. दुसरा गिअर सुटतो. सेल्फ उतारावर. रेडिएटर गळका, बादली सोबत मिळेल. इंजिनाचं काम एकदा झालंय, पावती आहे. बोजा नाही, नाव त्याच आठवड्यात करून देऊ. मीटर बंद आहे. चालू हवं असेल तर केबलचे पैसे वेगळे. आकडा ज्याचा त्याने आपल्या मनाने ठरवावा.