ओढते त पंपच झाला

आमच्या घरात धूळ हंगामाप्रमाणे येते. दसऱ्याच्या आगेमागे शेजारच्या वावरात सोयाबीनचा हडंबा लागला की कुटाराचा भुसा आधी पडद्यांवर बसतो, आणि पडदे झटकले की आमच्यावर. दिवाळीनंतर रुईचे दिवस. मार्चपासून फुफाटा. त्याला वारासुद्धा लागत नाही, गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला तरी पुरतं. पावसाळ्यात तेवढी धूळ नसते, चिखल असतो. तो वाळला की पुन्हा आहेच.

यातल्या रुईबद्दल तक्रार करायची खामगावात सोय नाही. गावच कापसावर मोठं झालेलं. जलंबपासून खामगावापर्यंत रेल्वेचा फाटा आला १८७० साली, आणि तो आमच्या पणजोबांना पंढरीला जाता यावं म्हणून नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. तेव्हा रुई ही आमच्याकडे घाण नसून परंपरा आहे. त्यात बाबा शेतकरी. २०२२ साली कापसाचा भाव दहा हजारांच्या वर गेला, तेव्हापासून पाच आकडी भाव ऐकल्याशिवाय कापूस घराबाहेर काढायचा नाही असा त्यांचा पण आहे. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला तरी तो चार आकडीच. म्हणून आमच्या बैठकीत सोफ्याच्या मागे छातीइतका कापूस आहे. पाहुणे आले की आधी त्याच्याकडे पाहतात, मग आमच्याकडे, आणि मग अंग खाजवू लागतात. साठवलेल्या कापसाची खाज ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

एके दिवशी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "एकतर हा कापूस जाईल, नाहीतर व्हॅक्युम क्लीनर येईल." कापसाचं बाबांच्या हातात होतं. म्हणून व्हॅक्युम क्लीनर.

तसं हे यंत्र आमच्या घराला अगदीच अनोळखी नव्हतं. नव्वदच्या दशकात भर उन्हात टाय लावलेला एक तरुण दारात उभा राहिला होता. दारोदार जाऊन यंत्र चालवून दाखवायची पद्धत आपल्याकडे रुजवली ती १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्जनं. पुढे त्या वाटेनं बरेच आले. आमच्याकडचा कुणाचा होता हे आजीनं विचारलंच नाही. तिचं लक्ष त्याच्या टायकडे होतं. त्यानं नळीच्या तोंडावर पांढराशुभ्र रुमाल ताणून बसवला, यंत्र सुरू केलं आणि आजीच्या गादीवरून दोनदा फिरवलं. रुमालावर रुपयाएवढा काळा डाग. "आजी, तुम्ही रोज यावर झोपता!" आजीला वाटलं, हा आपल्या माहेराबद्दल बोलतोय, कारण गादी तिकडची होती. त्याला चहा मिळाला, ऑर्डर मिळाली नाही. गादी मात्र आठवडाभर गच्चीवर उन्हात होती.

हा रुमालाचा खेळ त्या पोराचा नव्हता, ते मला फार नंतर कळलं. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि बनवणाऱ्याला विचारलं, उडवता कशाला, ओढून का घेत नाही? तो म्हणाला, अशक्य. बूथनं एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल अंथरला, त्यावर तोंड टेकवून जोरात श्वास ओढला, आणि ठसका लागेपर्यंत खोकला. पण रुमालाच्या खालच्या बाजूला डाग उमटला होता. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडकीतून आत सोडायचं. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानंच साफ केले. म्हणजे या धंद्याचा पाया दुसऱ्याची गादी किती मळकी आहे हे चारचौघांत दाखवण्यावर आहे. आमच्या आजीचा राग अगदीच अस्थानी नव्हता.

आता विक्रेता दारात येत नाही, आपण दुकानात जायचं. निघण्याआधी पुण्याच्या बहिणीचा फोन आला. तिच्याकडे रोबो आहे. तो एकटाच घरभर फिरतो, आणि तिनं त्याला नाव ठेवलंय. आमच्याकडे यंत्राला नावं ठेवतात, एवढाच फरक. शिवाय हे रोबो साधारण दोन सेंटिमीटरचा उंबरठा चढतात. आमचे उंबरठे आजोबांनी सागवानाचे बसवलेत. तिथे नवी सून अडखळते, रोबोचं काय घेऊन बसलात! स्वयंपाकघरातून बैठकीत यायला त्याला आयुष्य पुरलं नसतं. रोबोचा विषय तिथेच संपला.

दुकानात बाबाही आले. यायचं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण घरात मोटर येणार आणि ती आपल्याला न विचारता येणार, हे त्यांना झेपणारं नव्हतं. दुकानदारानं खोके मांडले आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. सोळाशे वॅट. वीस किलोपास्कल. हेपा फिल्टर.

बाबांनी विचारलं, "किती एचपीची हाये थे?"

दुकानदार गडबडला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून ७४६ नं भागून सांगितलं की दोनपेक्षा थोडी जास्त.

"दोन एचपी? घरात? वावरात तीनची हाये." मग क्षणभर विचार करून, "थे खाते किती सांगू नोको. ओढते किती फुटावरून, थे सांग."

दुकानदार हसला. "काका, हा पंप नाही. व्हॅक्युम क्लीनर आहे."

"ओढते ना? ओढते त पंपच झाला."

दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. मी हसू शकलो नाही, कारण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं, एवढंच. खाणारा काम करतोच असं नाही, हे कुठल्याही ऑफिसात दिसतं. युरोपात तर सप्टेंबर २०१४ मध्ये सोळाशे वॅटच्या वरच्या आणि तीन वर्षांनी नऊशेच्या वरच्या घरगुती यंत्रांना बंदीच घातली. तिथले गालिचे काही त्यानं मळले नाहीत. आणि ओढीचं माप? ते पाण्याचा स्तंभ किती उंच चढतो यावर आजही सांगतात. वीस किलोपास्कल म्हणजे दोन मीटर पाणी. मी मनातल्या मनात हिशेब करून सांगितलं, "पावणेसात फूट."

"बस?" बाबा म्हणाले. "येवढे पैशे घेते अन् पावणेसात फूट?"

मी त्यांना समजावलं की हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी चौतीस फुटांपलीकडे कुणाच्या बापालाही ओढून चढवता येत नाही. ते त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. विहिरीचं पाणी पंचवीस फुटांच्या खाली गेलं की मोटर दोरानं आत उतरवावी लागते, हे त्यांनी उभ्या आयुष्यात किती उन्हाळे केलंय! मी तेच बारावीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगतो, आणि ती जांभया देतात.

बाबांचा पुढचा प्रश्न, "अन् डिस्चार्ज?"

इथे मात्र मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो. हेड आणि डिस्चार्ज, दोन्ही एकाच वेळी पुरे मिळत नाहीत, हे पंप घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. उंच चढवायचं तर धार बारीक, धार मोठी हवी तर उंची कमी. हवेचंही तेच. नळीचं तोंड तळहातानं गच्च बंद केलं तर ओढ सगळ्यात जास्त, पण हवा शून्य वाहते. तोंड मोकळं सोडलं तर हवा भरपूर, ओढ नाही. खोक्यावर मात्र दोन्ही कमाल आकडे शेजारीशेजारी छापतात, जणू ते नवराबायको आहेत. गालिच्यावर नळी टेकवल्यावर दोन्ही मिळून उरतं ते खरं. तेवढा एक आकडा खोक्यावर सापडेना.

हेपाची चौकशीही त्यांनी त्यांच्याच वाटेनं केली. ०.३ मायक्रॉनचा कण ९९.९७ टक्के अडवतं, असं दुकानदार म्हणाला. बाबांनी फिल्टर काढून उजेडात धरला, घड्यांवरून बोट फिरवलं. "फूटवॉल्वची जाळी हाये ही. रुईनं दोन दिवसांत चोंदन." चोंदलं की ओढ गेली. मग कितीही एचपी असो.

बायको इतका वेळ गप्प होती. तिनं एक खोका उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "हे घेऊन जिना कोण चढणार?" एवढंच विचारलं. कुणी बोललं नाही. तिच्या मते खरेदीतला महत्त्वाचा प्रश्न हाच होता आणि तो खोक्यावर छापत नाहीत.

शेवटी कोपऱ्यातला एक ड्रम आला. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, वीस लिटरचा, चाकांवर फिरणारा, दिसायला कुरूप. जाळी धुता येते. आणि नळी मागच्या भोकात लावली की हवा बाहेर फेकतो. दुकानदारानं फेकून दाखवली. काउंटरवरच्या पावत्या रस्त्यावर गेल्या. बाबांचा चेहरा उजळला. "ओढते बी, फेकते बी. हेच बांध."

घरी आल्यावर बायकोनं सोफा, पडदे, पंख्यांची पाती असा क्रम लावला. घरकामाच्या मावशींनी यंत्राकडे पाहून सांगितलं, "तुमचं चालू द्या बाई, मी आपली फड्यानं झाडून घेते." त्यांचं झाडून झालं तेव्हा यंत्राची वायर अजून उलगडत होती. सोफा मात्र खरंच साफ झाला. रुई निघाली, दोन पेन निघाले, आणि मागच्या रक्षाबंधनाचा एक गोंडा.

मग जानेवारीत तूर आली. घरच्या डाळीपुरती तूर बाबा अंगणात उपणायला बसले आणि वारा पडला. सूप हातात, वारा नाही. आमच्या लहानपणी अशा वेळी वाट पाहायची पद्धत होती. बाबांनी ड्रम अंगणात आणला, नळी मागच्या भोकात लावली आणि बटण दाबलं. वरून सुपानं तूर सोडायची, समोरून हवा. कुटार सरळ शेजाऱ्यांच्या ओट्यावर. शेजारी भांडायला म्हणून कुंपणाशी आले, पाच मिनिटं बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "काका, आपलीबी दोन पोते हायेत."

त्यांची झाली, मग त्यांच्या साडूची. साडू वजनदार माणूस, गावात बोलबाला. आता यंत्र सकाळी जातं आणि दिवेलागणीला येतं. बाबा भाडं घेत नाहीत, पण वही घातली आहे. हरभरा अजून यायचाच आहे. बैठकीत कापूस तसाच, भाव चार आकडीच.

काल बायको फडा हातात घेऊन दारात उभी होती. मला म्हणाली, "अहो, मामाजींना जरा विचारून या, वहीत आपल्या सोफ्याचा नंबर केव्हा लागतो ते."