जे आधी येईल ते

बापूंच्या गाडीत बसायचं असेल तर आधी दाराशी उभं राहून चपला एकमेकींवर आपटाव्या लागतात. दोनदा. तरीही बापू पायाखाली वर्तमानपत्र अंथरतात. आजचं अजून वाचायचं असतं, म्हणून कालचं शोधायला घरात जातात. तोवर आपण एक पाय आत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत उभं राहायचं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर बापूही अकोल्याहून इकडे आले. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं नोकरी केली. सरकारी परिपत्रकातला स्वल्पविरामसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नाही, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी २०१३ च्या दसऱ्याला पांढरी वॅगन-आर घेतली. एमएच-३७ हा आपल्या जिल्ह्याचा क्रमांक पाटीवर पाहून त्यांना झालेला आनंद पेढ्यांच्या वजनावरून सगळ्या कॉलनीला कळला.

त्या दिवसापासून बापू गाडीला जपतात. गाडीला कव्हर आहे, आणि कव्हरचा ओरखडा उठू नये म्हणून कव्हरच्या आत काकूंची जुनी चादर आहे. दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. सोयाबीनच्या हंगामात घरोघरी पोती येतात आणि पोत्यांमागून उंदीर येतात. ते वायरी कुरतडतात म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवलेली असते. ही पुडी अधूनमधून रिकामी सापडते. उंदरांना तंबाखूचं व्यसन लागलं, असं बापू म्हणतात. काकू त्या वेळी समोरच्या रिकामटेकड्या पुतण्याकडे बघतात.

दर रविवारी सकाळी बापू गाडी जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवतात. याला ते 'गाडीचा व्यायाम' म्हणतात. बॅटरीचं म्हणणं मात्र वेगळं असावं. स्टार्टरनं एका झटक्यात जेवढा करंट ओढून घेतलेला असतो, तेवढा पाच मिनिटांच्या गुरगुरण्यात पुरता परत मिळत नाही. त्यामुळे या व्यायामानं बॅटरी दर आठवड्याला थोडी वाळत जाते, आणि तीन वर्षांतून एकदा बापू बॅटरीवाल्याशी भांडायला जातात.

कागदपत्रांच्या बाबतीत बापूंना हरवणं शक्य नाही. आरसी, विमा, पीयूसी हे सगळं एका निळ्या फायलीत, क्रमानं. त्यांच्या जुन्या मॉडेलला पीयूसी दर सहा महिन्यांनी लागतं. ते संपायच्या आठ दिवस आधी बापू केंद्रावर हजर. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती नवी उच्च सुरक्षा पाटी लावायचं फर्मान निघालं. २०२५ मध्ये त्याची मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली, पण बापूंनी पहिल्या मुदतीच्या आतच पाटी ठोकून घेतली. मुदतवाढीची बातमी आली की ते ती मला मोठ्यानं वाचून दाखवत. "पाहा मास्तर, लोकांले शिस्तच नाई."

शिस्तीचा आणखी एक पुरावा म्हणजे वही. कुठल्या दिवशी किती पेट्रोल, किती किलोमीटर, कोण सोबत, रस्त्यात चहा कुठं. साडेअकरा वर्षांत गाडी चालली २१ हजार ४०० किलोमीटर. शनिवारी बालाजी मंदिर, दोन महिन्यांतून एकदा रिसोडला लेकीकडे, वर्षातून एकदा कारंजाला गुरुमंदिरात. लोक आपल्या गाडीचं चाललेलं अंतर कमी करून सांगतात. बापूंना तशी गरजच पडत नाही.

आणि इथंच आमचा वाद होता. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं आहे: इंजिन ऑइल १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. चौतीस वर्षं परिपत्रकं वाचलेला हा माणूस या वाक्यात 'किंवा'पाशी येऊन थांबला. त्यांच्या हिशेबानं साडेअकरा वर्षांत ऑइल बदलायची वेळ दोनदाच आली.

"गाडी चाललीच नाई, त तेल खराब कायले होईन?" ते विचारत. "डब्यातलं गोडंतेल वापरलं नाई त संपते का?"

"संपत नाही, पण खवट होतं," मी म्हणायचो.

हे उत्तर त्यांना आवडायचं नाही. खरं तर बालाजी मंदिरापर्यंतची दीड किलोमीटरची फेरीच इंजिनाला सगळ्यात जड जाते. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. आत धरलेलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही, न जळालेलं थोडं पेट्रोल तेलात उतरतं, आणि तेल पातळ आणि आंबट होत जातं. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा ओढत राहतं, मग गाडी समृद्धी महामार्गावर असो की अंगणात. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. बापूंचं ब्रेक ऑइल दुकानातून आलं होतं तेच होतं. एकदा मी तसं म्हणालो, तर ते अभिमानानं म्हणाले, "ओरिजनल हाय ते."

मे महिन्यात नागपूरला भाच्याचं लग्न निघालं आणि बापूंनी जाहीर केलं की यंदा समृद्धीनं जायचं. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून त्यावर चढता येतं, तरी बापूंनी तो तोवर फक्त पुलाखालून पाहिला होता. तयारी म्हणून त्यांनी गाडी धुतली, पॉलिश केली आणि हवेचं विचारल्यावर टायरवर लाथ मारून पाहिली. "टणक हाय."

टायरबद्दल तर ते फारच निश्चिंत होते. २०२३ साली परिवहन खात्यानं समृद्धीवर चढतानाच टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, ती बातमी त्यांनी कापून फायलीत लावली होती. चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, हा नियमही त्यांना पाठ. त्यांनी खाचेत एक रुपयाचं नाणं उभं करून मला दाखवलं. "आपल्याले कोन अडवते?"

निघताना वेगळीच अडचण आली. मागं बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, हे मी जरा जोर देऊन सांगितलं. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ गाडीत मागं पट्ट्याविना बसलेले सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हापासून देशभर त्याची चर्चा झाली होती. पट्टा सापडला, पण त्याचं कुलूप सापडेना. ते सीट कव्हरच्या खाली गेलं होतं. साडेअकरा वर्षं. कव्हर कापायचं म्हटल्यावर बापूंचा चेहरा उतरला. "रेक्झिन चांगलं हाय हो अजून." काकू काही न बोलता घरात गेल्या, सुरी घेऊन आल्या, आणि टर्रकन आवाज झाला. त्या आवाजानंतर मंगरूळपीरचा फाटा मागं पडेपर्यंत बापू कुणाशी बोलले नाहीत.

शेलूबाजारच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकात खिळा. ऊन ४३ अंशांचं. पण बापू खुलले, कारण आता स्टेपनी निघणार होती. डिक्कीतली रुखवताची भांडी, पापडांचे डबे, आहेराच्या साड्या असं सगळं रस्त्याच्या कडेला मांडून आम्ही स्टेपनी काढली. खरोखर नवीकोरी. साच्यातून निघताना रबरावर जे बारीक केस राहतात, तेसुद्धा जागच्या जागी. फक्त तिच्यात हवा नव्हती. मी ती घरंगळत पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली. मागून बापू डोक्यावर रुमाल टाकून येत होते, वरातीत नवरदेवामागून यावं तसे.

दुकानात एक म्हातारा मिस्त्री होता. त्यानं नळी लावली. काटा वर चढला आणि टायरच्या बगलेतून फस्स असा आवाज आला. मिस्त्रीनं झटकन नळी काढली. बगलेला भेगा होत्या, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा.

"साहेब, हे कवाचं हाय?"

"अरे, नवंकोरं हाय. एक किलोमीटर चाललं नाई."

"चाललं नाई ते दिसतेच हाय. कवाचं हाय, ते इचारलं मी."

बापूंजवळ या प्रश्नाला रकाना नव्हता. मिस्त्रीनं ओला बोळा टायरवर फिरवला, लांबुळक्या चौकटीतले चार आकडे वाचले: ३११३. "एकतिसावा हप्ता, सन तेरा. ऑगस्टच्या तोंडाशी जलमलं हे. बारावं वरीस सरत आलं याले."

"पन वापरलंच नाई ना मी!"

मिस्त्रीनं बोळा खांद्यावर टाकला. "घरी बैल व्हते का साहेब?"

"व्हते ना. दोन जोड्या व्हत्या बापाजवळ."

"बाजारात बैल घेताना काय पाहत व्हते?"

"दात."

"हं. आदत हाय, दुसा हाय, चौसा हाय, का जुळला, ते पाहून मंग पैसे देत. वशिंड आन् चमक पाहून कोनी बैल नाई घेत. आन् बैल गोठ्यात बांधून ठेवला, त म्हतारा होत नाई का?"

बापू काही बोलले नाहीत. ते परत गाडीपाशी गेले, चष्मा लावला आणि एकेका चाकापुढं उकिडवे बसले. नियमाप्रमाणे खोल नक्षी असलेली ती चारही चाकं स्टेपनीचीच भावंडं निघाली.

मिस्त्रीनं पंक्चर काढून दिलं आणि एवढंच म्हणाला, "वर चढू नका." का, ते त्यानं सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. समृद्धीवर गाडीला ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगानं आपल्या लहान गाडीचं चाक मिनिटाला ११०० हून अधिक वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरची बगल एकदा दबते, एकदा सुटते. त्यातून उष्णता होते. हवा कमी असेल तर बगल जास्त दबते आणि जास्त तापते. ताजं रबर हे सोसतं. वाळलेलं रबर भेगेपाशी फाटतं. तापलेला सिमेंटचा सरळ रस्ता, न थांबणारा वेग, त्यात असं रबर. टायर फुटतो तो तिथंच, अन् मग गाडी कुणाच्या हातात राहत नाही.

आम्ही चाळीसच्या वेगानं वाशीमला परत आलो. रात्रीच्या एसटीनं नागपूरला गेलो. बापूंनी तिकिटं निळ्या फायलीत लावली.

लग्नाहून आल्यावर बापू टायर घ्यायला गेले. सोबत मी होतोच. टायर घेतले पाच, स्टेपनीसकट. दुकानदारानं पहिला सेट काढला. बापूंनी प्रत्येक टायर उलटासुलटा करून आकडे वाचले आणि 'हे त मागच्या वर्षीचं हाय' म्हणून परत केला. दुसऱ्यातले तीन पसंत पडले. दुकानदार वैतागला, पण बापूंच्या चेहऱ्यावर बाजारात जबडा उघडून पाहणाऱ्या त्यांच्या वडिलांचं समाधान होतं. इंजिन ऑइल बदललं, ब्रेक ऑइल बदललं. जुनं 'ओरिजनल' ब्रेक ऑइल बाटलीत उतरलं तेव्हा चहासारखं दिसत होतं. रविवारचा व्यायाम बंद झाला. त्याऐवजी गाडी आठवड्यातून एकदा मालेगावच्या रस्त्यानं अर्धा-पाऊण तास धावून येते.

वहीत आता एक नवा रकाना आहे. वर लाल शाईनं लिहिलं आहे: 'जे आधी येईल ते'.

माणूस मात्र तोच राहिला. संध्याकाळी फिरायला निघाले की कॉलनीतल्या प्रत्येक गाडीपाशी ते उकिडवे बसतात, बगल वाचतात आणि मालकाला हाक मारून त्याच्या टायरचं वय सांगतात. परवा एका नव्या जावयाला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "गाडी चांगली हाय, पन जुळलेली हाय." जावई अजून अर्थ शोधतो आहे.

तुमच्या गाडीपाशीही त्यांना यायची वेळ आणू नका. टायर बनवणाऱ्या बड्या कंपन्या सांगतात ते एवढंच: पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शाबूत असो, काढून टाका. हवा सकाळी, टायर गार असताना, चालकाच्या दारावर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. आणि डिक्की उघडून स्टेपनीवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे असतात, शेवटचे दोन वर्षाचे.