तहकूब सभा, सुरळीत विकास

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकाळातली मंदिरं, बारव आणि तो देखणा मानस्तंभ अजून उभा आहे. तेव्हा गावकऱ्यांच्या सूचना मागवल्या होत्या की नाही, देव जाणे. आता मात्र ‘आमचा गाव, आमचा विकास’ उपक्रम आहे. गावाच्या विकासाचा आराखडा ग्रामसभेतच ठरायला हवा. कोरम म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! लोक न येण्याची एवढी चोख सोय लोकशाहीत दुसरीकडे सापडणार नाही.

मराठवाड्यात बऱ्याच गावांत माणसं सभेला येत नाहीत, सभेचं रजिस्टरच माणसांकडे जातं. पानटपरीवर, पारावर, दूध घालता घालता सह्या होतात. महिला सभा आदल्या दिवशी. तिचं इतिवृत्त ‘सरपंचपती’ सांगतात. चुकून कुणी नालीचं विचारलंच, तर ग्रामपंचायत अधिकारी चष्मा वर करून म्हणतात, “ऐनवेळच्या विषयांत घेऊ, दादा.” ती वेळ चहानंतर येते, आणि चहानंतर सभा संपलेली असते.

पेव्हर ब्लॉक तेवढे आराखड्यात आधीच बसलेले असतात. सर्वानुमते.