सहा फूट फक्त सायकलींना

करोनाच्या टाळेबंदीत ३ जून २०२० पासून महाराष्ट्र सरकारनं पहाटे पाच ते संध्याकाळी सात सायकल चालवायला मोकळीक दिली. समूहानं काही करायचं नाही, ही एक अट. सायकलीमुळे अंतर आपोआप राखलं जातं, असंही त्या आदेशात म्हटलं होतं. तो आदेश लिहिणाऱ्यानं पुण्यातला सायकल क्लब रविवारी सकाळी पाहिलेला नसावा.

क्लबवाल्यांनी अट मनापासून पाळली. दहा जण म्हणजे समूह, म्हणून पाच जोड्या निघाल्या. एकाच वेळी, एकाच रस्त्यानं, खडकवासल्याकडे. पुढच्याच्या चाकामागे चाक लावून वारा चुकवायचा ही या खेळातली जुनी रीत. त्यात पुढच्याचा दमलेला श्वास मागच्याला ताजा ताजा मिळतो, तो फुकट. मास्क होते. हनुवटीवर. हेल्मेटचा पट्टा रुतू नये म्हणून त्यांचा फारच उपयोग झाला. थुंकताना मात्र प्रत्येकजण सभ्यपणे मान वळवी. पुढचं वाऱ्यावर सोपवलेलं.

खरी शिस्त दिसली अर्ध्या शटरच्या टपरीपाशी. सायकली एकमेकींपासून सहा फुटांवर, कारण कार्बनच्या फ्रेमला ओरखडा परवडत नाही. त्यांचे मालक मात्र खांद्याला खांदा लावून एकाच कागदावरच्या कांदाभज्यांवर वाकलेले. 'पार्सलच मिळेल' अशी पाटी होती, म्हणून पार्सलच घेतलं होतं. मग सेल्फी. फ्रेममध्ये मावेनात, म्हणून आणखी जवळ.

मंडळी, साथ होती तोवर पुढच्या सायकलीपासून निदान चांगली ऐसपैस जागा सोडायची होती, आणि भजी आपापल्या पुडीत मागायची होती.