अठरा बाटांत चार देवळं

थायलंडच्या जुन्या नाण्यांवर एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला बँकॉकमधलं एकेक देऊळ असतं. एक बाटवर वाट फ्रा केओ, दोनवर वाट साकेत, पाचवर वाट बेंचामाबोफित आणि दहावर वाट अरुण. आमच्या गाइडबाईंनी नाश्त्याच्या टेबलावर ही चार नाणी ओळीने मांडली आणि म्हणाल्या, "हा आजचा कार्यक्रम." काकांनी तत्काळ बेरीज केली. "अठरा बाट. मग हिची एवढी फी कशाची?"

फी कशाची, ते राजवाड्याच्या फाटकापाशी कळलं. वाट फ्रा केओ राजवाड्याच्या आवारातच आहे आणि तिकीट माणशी पाचशे बाट, म्हणजे बेरीज तिथेच कोलमडली होती. बाई तिकिटं काढायला गेल्या आणि इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ पुढे आला. "आज वाडा बंद. समारंभ आहे. टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो, फक्त वीस बाट." शेजारून माणसांचे लोंढे आत चालले होते. पण 'सोमवारी बंद', 'जेवणाची सुट्टी', 'साहेब जागेवर नाहीत' या मंत्रांवर काकांची सगळी हयात गेलेली. त्यांचा एक पाय टुकटुकमध्ये होता. ही स्वारी शेवटी रत्नांच्या दुकानात उतरते, हे अख्ख्या बँकॉकला ठाऊक आहे. बाईंनी काकांना शर्टाला धरून खाली खेचलं. इतक्या वर्षांत हे काकींनाही जमलं नव्हतं.

मग पहारेकऱ्याने काकांच्या बर्म्युडाकडे बोट दाखवलं. उघडे गुडघे आत चालत नाहीत. समोरच्या दुकानातून हत्ती छापलेली ढगळ विजार आली आणि तिच्यात काका दिवसभर फडफडत राहिले.

पाचूचा बुद्ध प्रत्यक्षात जेडचा, उंची जेमतेम 66 सेंटिमीटर. त्याचे उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी असे तीन सोन्याचे पोशाख, आणि ते बदलायला खुद्द राजा येतो. मूर्तीकडे पावलं करून बसायचं नाही, हा तिथला कडक नियम. काकांचा गुडघा तो पाळेना. ते बसले, कलंडले आणि शेवटी दोन जपानी आजीबाईंच्या मधे टेकले. कुणी हसलं नाही. बौद्ध देशात करुणा असते ती अशी.

खरा प्रसंग बाहेरच्या ओवरीत घडला. भिंतींवर थाई रामायणाची, म्हणजे रामकियनची, 178 चित्रं आहेत. काका शनिवारी मारुतीला तेल वाहणारे. इथला पांढराशुभ्र मारुती एका मत्स्यकन्येच्या मागे लागलेला.

"ही सुवर्णमच्छा, रावणाची मुलगी," बाई म्हणाल्या. "सेतूचे दगड पळवत होती. हनुमान भांडायला गेला आणि प्रेमात पडला. पुढे मुलगा झाला."

"आमचा मारुती ब्रह्मचारी आहे!" काका गरजले.

"अरेरे," बाईंना मनापासून वाईट वाटलं. "कुणी मुलगी दिली नाही?"

"अहो," काकींनी मधे तोंड घातलं, "आणि मकरध्वज हो?"

"तो घामाच्या थेंबापासून झाला!"

"हो, पण थेंब गिळला मासोळीनेच ना?"

मी हे बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी काकींना हात जोडले. रामकियन त्यानंतर त्या दोघींनीच पाहिलं; काका पुढे हत्ती फडकवत गेले.

वाट फो कुठल्याच नाण्यावर नाही. "मग फुकट असेल," काका म्हणाले. नव्हतं. आत 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे; पाठीमागे 108 काशाची भांडी, प्रत्येकात एकेक नाणं टाकत जायचं. काकांच्या हातून एक नाणं निसटलं, घरंगळलं आणि त्यांनी ते आपल्याकडच्या सवयीने पायाखाली दाबलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नाण्यावर राजा असतो, आणि राजाच्या अवमानाला थायलंडमध्ये तुरुंग आहे. काकांनी नाणं उचलून कपाळाला लावलं. दोन माणसं चक्क हसली, तेव्हा बाईंनी श्वास सोडला आणि काकांना तिथल्याच मसाजशाळेत नेऊन घातलं. गुडघ्यावर एका किरकोळ बाईने गुडघा रोवला, तेव्हा काकांच्या तोंडून रामाचं नाव आलं. मारुतीचं नाही.

उरलेली नाणी भराभर संपली. होडीने नदीपार वाट अरुण: चिनी बशा आणि शिंपल्यांचे तुकडे जडवलेला उंच मनोरा. काकींनी बशीचा प्रत्येक तुकडा हळहळत पाहिला. वाट बेंचामाबोफितला इटालियन संगमरवर आणि सावली. सावलीच जास्त आवडली. वाट साकेत मात्र टेकाडावर, तीनशेवर पायऱ्या. वर बुद्धाचे अवशेष आहेत. ते 1898 मध्ये आपल्या पिप्राहवाच्या स्तूपात सापडले आणि इंग्रज सरकारने सयामच्या राजाला दिले. "म्हणजे आपलंच बघायला एवढं चढलो," काका धापा टाकत म्हणाले. पण डोकं टेकवून आले आणि बराच वेळ बोलले नाहीत, हे नमूद केलं पाहिजे.

बँकॉकला जाणार असाल तर गाइड घ्या, पण आधीच ठरवून घ्या की वाटेत एकही दुकान लागणार नाही. राजवाड्याला सकाळी उघडता उघडता जा, गुडघे झाकून. आणि कुणी 'आज बंद आहे' म्हणालं, तर तिकीटखिडकीपर्यंत स्वतः चालत जाऊन बघा.